साडेआठची झोप

पुनावळे
१२ जानेवारी २०२५

प्रिय वजीर,

फोनवर तू ओरडतोस, मी "काय? काय?" करतो, आणि शेवटी दोघंही दमून "बरं, बरं" म्हणत फोन ठेवतो. कानातलं यंत्र मला सोसत नाही. म्हणून म्हटलं, आपलं लिहावं. माझ्या सुनेची कंपनीची बस निघोज्याला तुझ्या शहेबाजच्या गॅरेजसमोरच थांबते. तेव्हा विजयश्री आजपासून आपली पोस्टमन. उत्तर तिच्याच हाती दे.

विशेष काही नाही. झोप येत नाही.

लिहायला हे तीनच शब्द, पण रोज उचलताना खांदे भरून येतात. रुक्मिणी गेल्यापासून मी हॉलमधल्या दिवाणावर झोपतो. रात्री साडेआठला जेवून आडवा होतो, भिंतीकडे तोंड करतो आणि शाळेतल्या कविता म्हणायला घेतो. मनातल्या मनात. पहिलीपासून सुरुवात. पूर्वी दुसरीच्या पुस्तकात चिमण्या-पाखरं येईपर्यंत माझा डोळा लागायचा. आता दुसरी संपते, तिसरी संपते, आणि चौथीत गाडी अडते. आमच्या गायकवाड गुरुजींनी स्वतः रचून फळ्यावर लिहिलेली एक कविता होती:

डोंगरामागे टेकून बसला सूर्य आपली पाठ
गाय वळाली गोठ्याकडे अन् पोरं धरती वाट

पुढची ओळ गेली. पुस्तकात ती नव्हतीच, तेव्हा शोधणार कुठं? वर्गातली पोरंही एकेक करून गेली. मी आपला अंधारात त्या गायीच्या मागं मागं फिरत राहतो. मग दूधवाल्याची गाडी येते, विजयश्री पहिल्या शिफ्टसाठी उठते, आणि रात्र संपली म्हणायची.

दिवसभर डोळ्यांत वाळू. दुपारी तर डोकं ओल्या गोधडीसारखं जड होतं. आणि नेमकी तीच वेळ माझ्या कामाची. आमचा समाधान तळवड्याच्या वर्कशॉपमध्ये, विजयश्री कंपनीत. तेव्हा स्वरूपाची शाळेची बस सोसायटीच्या गेटवर आली की तिला उतरवून घ्यायचं, जेवू घालायचं, हे माझ्याकडे. नात पहिलीत आहे. बसमधून उतरताना आधी पाण्याची बाटली माझ्या हातात देते आणि मग स्वतः उडी मारते. या घरात माझ्या वाटणीला आलेलं हे एवढंच काम. तेही हातून सुटलं, तर मी दिवाणासारखाच एका भिंतीला लावून ठेवलेला.

आपल्या पिंपरीच्या मशीन शॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत तू चिंध्यांच्या पोत्यावर पडायचास आणि दोन प्रेस धडधडत असताना घोरायचास. कसं जमायचं रे? खरंच विचारतोय.

तुझा,
दत्तोबा


निघोजे
१८ जानेवारी

दत्तोबाराव,

सलाम. तुझी चिठ्ठी पोरीनं दिली. अक्षर अजून मोत्यासारखं हाय, मानूस मात्र बिघडला.

त्या पोत्यावर कसं झोपायचो म्हनतोस? दमून. दुसरी काय जादू न्हवती. तवा उभ्या मान्साला झोप लागायची. आता तू दिवसभर काय करतोस? गेटपर्यंत जातोस आनि येतोस. आंग दमायला नको?

आमच्या सादिकानं मला मागल्या वर्षी डॉक्टरकडं नेलं होतं. ती मुलगी आपली, ऐकायला लागतं. त्या डॉक्टरनं मला जे सांगितलं ते तुला सांगतो. डोळे मिटायला लागल्याबिगर खाटेवर जायचं न्हाई. गेलास आनि झोप आली न्हाई तर सरळ उठायचं, खुर्चीत बसायचं, कायतरी कंटाळवानं काम करायचं. खाट फक्त झोपायला, इचार करायला न्हाई. रात्री झोप होवो न होवो, सकाळी उठायची वेळ एकच. उठलं की उन्हात चालायचं. दुपारनंतर चहा बंद. आनि दुपारची झोप तर हरामच समज. दुपारी खाल्लेली झोप रात्रीच्या ताटातनं वजा होती, आसं तो म्हनला. डॉक्टर कोकनातला हाय, पन बोलतो झकास.

आनि ती कविता सोड. तू झोपायला जातोस का परीक्षेला बसतोस? रोज नापास व्हतोस आनि रोज पेपरला बसतोस. म्हनायचीच आसंल तर तुला न आवडनारी म्हन.

मी आता लाकडासारखा झोपतो. माझी काळजी नको.

वजीर


पुनावळे
४ फेब्रुवारी

प्रिय वजीर,

तुझ्या डॉक्टरचं जमेल तेवढं केलं. चहा सोडला, डोकं दुखलं, आठ दिवसांनी राहिलं. सकाळी हायवेच्या बाजूच्या रस्त्यानं उन्हात चालून येतो. पूर्वी इथं ज्वारी होती म्हणे. आता टॉवरच्या सावल्या रस्ताभर आडव्या पडलेल्या असतात, ऊन त्यांच्यामधून वेचून घ्यावं लागतं. कविता बंद करून पाढे म्हणून पाहिले. सतराच्या पाढ्यात चूक झालीसं वाटलं की परत पहिल्यापासून. एकूण तेच.

रात्री उठून खुर्चीत बसणं मात्र जमत नाही. हॉल सगळ्यांचा आहे. कसं सांगू तुला, ते सोडून दे.

एक छोटीशी गोष्ट झाली. गेल्या आठवड्यात स्वरूपाची बस जरा लवकर आली आणि माझी चुकामूक झाली. पोर सुखरूप आहे. पण समाधाननं डी बिल्डिंगमधल्या मोनिकाबाईंचं पाळणाघर ठरवलं आहे. सोमवारपासून त्यांची बाई गेटवर येऊन स्वरूपाला घेऊन जाणार, संध्याकाळपर्यंत ती तिकडेच. मला त्यानं सांगितलं ते गोड शब्दांत: "बाबा, तुम्हाला आराम." मीही म्हटलं, बरं झालं.

पण रात्री झोपेत असताना त्याचं बोलणं कानावर पडलं. विजयश्रीला म्हणत होता, "बाबांच्या भरवशावर आता पोर ठेवता येत नाही. त्यांनाच सांभाळायची वेळ आलीय. थोडे दिवस अंबाजोगाईला काकांकडे राहिले तर?" ती काय म्हणाली ते कळलं नाही, भांडं वाजलं.

अंबाजोगाईला आता माझं कोण आहे? धाकटा भाऊ आहे, पण त्याच्या घरातही दिवाण हॉलमध्येच असेल.

थकलो रे.

दत्तोबा


निघोजे
७ फेब्रुवारी

दत्तोबा,

आज सलाम न्हाई. आधी राग.

तुझ्या चिठ्ठीत एक गोष्ट मला खटकली. बस लवकर आली म्हनं. शाळेची बस आनि लवकर? म्हनून विजयश्री कंपनीच्या बसमधनं उतरल्यावर मी इचारलं, "बाई, खरं काय झालं?" तर तिच्या डोळ्यांत पानी. म्हनली, "चाचा, बस वेळेवरच आली होती. बाबा घरात झोपले होते. वॉचमन बेल वाजवून वाजवून दमला."

मग तिनं ते बी सांगितलं. इंदुताईची गोळी! तुझ्याच जिन्यातली बाई, तिला तिच्या डॉक्टरनं दिलेली झोपेची गोळी तू अर्धी मागून खाल्लीस. आरं, तू काय साखर उसनी आनतोस का? दुसऱ्याच्या औषधानं मानूस सकाळी उठत न्हाई कधीकधी, ठाव हाय का? तुला रात्री तर झोप लागली न्हाईच, दुसऱ्या दिवशी दुपारी लागली.

आनि बसवाल्याचा नियम, घरचं मानूस असल्याबिगर पोर उतरवायची न्हाई. ती स्वरूपा सगळ्या रूटवर फिरून परत शाळेत गेली. विजयश्रीचा फोन कंपनीच्या गेटवर लॉकरमधी. आत न्यायला बंदी. शाळेचे फोन आले ते तिला शिफ्ट सुटल्यावर दिसले. तुझा समाधान चिडला ते चिडू दे. त्याच्या जागी तू काय केलं आसतंस?

आता दुसरं. मी तिला म्हनलं, "ह्ये झोपतात कधी?" ती म्हनली, "बाबांचं छान आहे, साडेआठला गाढ झोपतात. त्यांची झोप मोडू नये म्हनून आम्ही हॉलमधला दिवा लावत न्हाई, टीव्ही लावत न्हाई. किचनमधी उभ्यानं जेवतो. स्वरूपाला पन कुजबुजायची सवय लागलीय."

मग मला सांग दत्तोबा, गाढ झोपलेल्या मान्साला समाधानचं बोलनं ऐकू कसं आलं? ते बी तुझ्या ह्या कानांनी?

खरं लिव. न्हाईतर लिवू नको.

वजीर


पुनावळे
१३ फेब्रुवारी

वजीर,

लिहू नको म्हणालास, म्हणून आठवडाभर गप्प राहून पाहिलं. नाही जमलं.

गोळीचं खरं आहे. इंदुताईंना मी म्हटलं, सूनबाईंसाठी हवी आहे. खोटं बोलून आणली. दुसऱ्या दिवशी दुपारी बस यायच्या आधी जरा टेकलो, आणि पुढचं आठवतं ते समाधान मला खांद्याला धरून हलवतोय. रागानं नाही, भीतीनं. त्याला वाटलं मी गेलो. तो चेहरा मी तुला लिहिला नाही, कारण मला तो पुन्हा पाहायचा नव्हता.

साडेआठच्या झोपेचंही सांगतो. मी झोपत नाही. पडून राहतो. घर शांत असलं की किचनमधलं बोलणं या कानांनाही पोचतं.

तुला माझी चिंचवडची चाळीतली खोली आठवते? एकच खोली. लग्न होऊन रुक्मिणी आली तेव्हा वडील आमच्याजवळ होते. दिवसभर मी कामावर, ती नळावर, कपड्यांत, सैपाकात. दोन शब्द बोलायला जागा नाही. तर वडील रात्री जेवले की घोंगडी घेऊन दाराशी आडवे व्हायचे, भिंतीकडे तोंड करायचे आणि लगेच घोरायला लागायचे. इतक्या लगेच की रुक्मिणी पदर तोंडाला लावून हसायची. मग आम्ही बोलायचो. वर्षभर. एक शब्द कधी वडिलांनी त्यावर काढला नाही. घर लहान असलं की म्हाताऱ्या माणसानं आपल्या डोळ्यांचं दार लावून घ्यायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नाही. मी ते पाहिलं.

या फ्लॅटला बेडरूम आहे एकच, आणि स्वरूपा त्यांच्यातच झोपते. दोघांच्या शिफ्टा वेगळ्या. भेटतात ते रात्रीच्या जेवणाला. मी समोर बसून राहिलो तर ती पोरं बोलणार कधी? म्हणून मी साडेआठला झोपतो. घोरतोही थोडंसं. आणि रात्री उठून खुर्चीत बसलो, तर त्यांना कळेल की मी जागा होतो. इतक्या रात्रींचं त्यांचं सगळं बोलणं मग उघडं पडेल. म्हणून कुशीही बदलत नाही.

आणि ती पोरं मात्र माझ्यासाठी किचनमध्ये उभ्यानं जेवत होती. हे तू लिहिलंस ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली.

पाळणाघर सुरू झालं. त्यांची बाई स्वरूपाचा हात धरून नेते.

दत्तोबा


निघोजे
१५ फेब्रुवारी

दत्तोबा,

हसलो आनि मग तुझी चिठ्ठी परत वाचली.

तुझ्या वडलांची खोली एक व्हती, म्हनून ते घोरायचे. तुझ्या घरात बोलायला बेडरूम हाय, गॅलरी हाय, आनि तू नऊ तास पडून पाच तासाची झोप शोधतोस. कशी सापडंल? पातळ करून सगळ्या रात्रभर सारवल्यावानी व्हती ती. दुपारी मग शरीर आपला हिशोब पुरा करून घेतं.

सांगून टाक त्यांना. झोपायचं अकराला. तवर दिवा चालू, टीव्ही चालू, पोरीचा दंगा चालू. त्यांना बोलायचं आसंल तर खाली फेरी मारतील. तरनी हायती.

आता माझं बी खरं ऐक. मी लाकडासारखा न्हाई झोपत. नजमा गेल्यापासून घरात खाटेवर पाठ टेकवत न्हाई. गॅरेजमधी जुन्या जीपचं शीट हाय, त्याच्यावर बसून कसातरी डोळा लागतो. डॉक्टरनं सांगितलेलं मी एक बी केलं न्हाई. तुला सांगताना मात्र लई शहाना झालो.

तू कर. तुझं बघून मी करीन.

वजीर


पुनावळे
९ मार्च

प्रिय वजीर,

रमजान चालू आहे, तुझी झोप पहाटे सहरीला जेवायला उठण्यानं आणखी विस्कटली असणार. उत्तराची घाई करू नकोस, फक्त वाच.

सांगितलं. धीर गोळा करायला बरेच दिवस गेले. त्या संध्याकाळी जेवलो आणि दिवाणावर न जाता खुर्चीतच बसून राहिलो. विजयश्रीनं सवयीनं हॉलचा दिवा घालवला. मी म्हटलं, "राहू दे. मला झोप आलेली नाही."

समाधान म्हणाला, "बरं वाटत नाही का बाबा?"

"बरं वाटतंय. मला साडेआठला कधीच झोप येत नव्हती."

समाधानचा चेहरा हळूहळू बदलला. काय काय बोललो आपण, ते तो आठवत होता. विजयश्री आधी सावरली. म्हणाली, "म्हणजे माझ्या आईला मी कंजूष म्हणाले, ते पण ऐकलं?"

"ऐकलं. पण त्या आहेतच."

ती इतकी हसली की स्वरूपा बेडरूममधून उठून आली. समाधान नाही हसला. त्यानं फक्त विचारलं, "अंबाजोगाईचं?" मी मान डोलावली. तो उठून गॅलरीत गेला. बऱ्याच वेळानं आत आला आणि माझ्या शेजारी बसून त्यानं बातम्या लावल्या. आवाज मोठा ठेवला, मला ऐकू यावा म्हणून.

आता अकरापर्यंत बसतो. नऊ वाजल्यापासून डोळे मिटायला लागतात, तेव्हा स्वरूपाच्या पेन्सिलींना टोकं करत बसतो. पहिले आठ-दहा दिवस फार वाईट गेले. वाटलं, सोडून द्यावं सगळं आणि दुपारी मनसोक्त पडावं. पडलो नाही. आता कधी चार तास झोप लागते, कधी मध्येच मोडते. परवा एकदा विजयश्रीच्या मिक्सरनं जाग आली. म्हणजे ती उठली तेव्हा मी झोपेत होतो! एवढ्या साध्या गोष्टीचं दिवसभर नवल वाटत राहिलं. पण अजून थकवा आहेच. जुन्या कापडासारखं अंग, धुतलं तरी विटकेपण जात नाही.

दुपारी मी गेटवर जातो. काम नाही, तरी जातो. वॉचमनच्या बाकावर बसतो. बस येते, पाळणाघरातली बाई पुढं होते, स्वरूपा तिच्या हातात बाटली देते. मग मला टाटा करते आणि डी बिल्डिंगकडे वळते. समाधानला मी "पुन्हा माझ्याकडे दे" म्हटलेलं नाही. कुठल्या तोंडानं म्हणू? पोर एकदा त्या बसमधून परत गेली आहे. आता ते त्यानंच म्हणायला हवं.

नजमाभाभींच्या खाटेचं वाचून वाईट वाटलं. जीपच्या सीटवर या वयात पाठ मोडेल. तू तुझं आज सुरू कर म्हणत नाही. ईद होऊ दे.

तुझा,
दत्तोबा


पुनावळे, तुझ्याच घरात
६ एप्रिल, रविवार

दत्तोबा,

सलाम. ह्यो कागद तुझ्या नातीच्या चित्रकलेच्या वहीतला हाय. मागं हत्ती काढलाय, तो फाडू नको आसं ती म्हनली.

शहेबाजला हायवेला एक गाडी पोचवायची व्हती, म्हनून भल्या सकाळी त्याच्यासंगं आलो. सादिकानं ईदचा राहिलेला सुका मेवा घालून तुझ्यासाठी शीरखुर्मा पुन्यांदा केला, तो फ्रिजमधी ठेवलाय. दार विजयश्रीनं उघडलं आनि तोंडावर बोट ठेवलं. तू दिवाणावर उताना. तोंड उघडं. मी तुला एवढ्या वर्षांत असा कधी बघितला न्हवता. पिंपरीत झोपायचो तो मी.

तुझी उठायची वेळ झाली, तवा पोरगी तुला हाक मारनार व्हती. मी म्हनलं, राहू दे. कायदा मीच केला, एक दिस मीच मोडला. तुझ्याजवळच्या खुर्चीत बसलो. स्वरूपा समोर फरशीवर चित्र काढत व्हती. तुझा श्वास चालू, तिची पेन्सिल चालू. आनि दत्तोबा, मला बी डुलकी लागली. बसल्या बसल्या. नजमा गेल्यापासून दुसऱ्याच्या घरात काय, माझ्या घरात बी आसं झालं न्हवतं. विजयश्रीनं चहा आनला तवा जाग आली. किती वेळ गेला ठाव न्हाई. शहेबाज खालनं हॉर्न मारतोय, तो ऐकू आला न्हाई मला.

चहा पिताना समाधान येऊन बसला. हळू आवाजात म्हनला, "चाचा, ते रोज गेटवर जाऊन बसतात. एक दिवस चुकला न्हाई, वॉचमननं सांगितलं. मला तोंडानं काही बोलत न्हाईत." मी म्हनलं, "मग तू बोल." तो म्हनला, "मोनिकाबाईंना काल सांगून आलोय. उद्यापासून स्वरूपाला बाबाच उतरवून घेतील." तुला आत्ता उठवून सांगू का, आसं त्यानं मला इचारलं.

मी न्हाई म्हनलं. बातमी कुटं पळून जानार न्हवती. झोप गेली आसती.

वजीर